फटफटीचा जीर्णोद्धार

भोपाळच्या दक्षिण भागातील हबीबगंज हे नाव आता रेल्वेच्या वेळापत्रकात आढळत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेथील स्थानक नव्या रूपात उभे राहिले आणि गोंडांची राणी कमलापती हिचे नाव त्याला मिळाले. तथापि रिक्षावाल्यांच्या तोंडी आणि जुन्या रहिवाशांच्या बोलण्यात हबीबगंज अजून नांदते आहे. पाटी बदलली तरी वस्तू तीच राहते, असा हा प्रकार. याच्या उलट प्रकारही जगात असतो. पाटी जुनीच राहते आणि आतली वस्तू मात्र एकेका भागाने बदलत जाऊन सर्वस्वी निराळी होते. हबीबगंजच्या आसपासच्या घरांतून ज्यांनी जुन्या जपानी मोटारसायकली पुन्हा उभ्या करण्याचा छंद धरला आहे, त्यांची गाठ रोज या दुसऱ्या प्रकाराशी पडते.

दहा नंबर, बारा नंबर अशा बसथांब्यांच्या आकड्यांवरून ओळखल्या जाणाऱ्या बाजारांच्या मागे अरेरा कॉलनीची ऐसपैस घरे आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर मुंबई राज्यात गेली. कचेऱ्यांची दप्तरे भोपाळला आली, आणि दप्तरांच्या पाठोपाठ ती सांभाळणारी मराठी कुटुंबेही आली. त्याच वर्षी ब्रिटनच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या सहकार्याने हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली, आणि टर्नर, फिटर, वेल्डर यांची एक नवी पिढी या नबाबी शहरात वाढू लागली. कारकून आणि कारागीर असे दोन वर्ग एका गावी आले, की त्या गावात वस्तू टाकून देण्याची घाई कोणाला नसते. मोटार कधीतरी घेऊ, या आशेने बांधलेल्या गॅरेजात वर्षानुवर्षे सायकली, मोडक्या खाटा आणि गोणपाटाखाली झाकलेली एखादी फटफटी पडून राहिली.

अशा गोणपाटाखाली जी जपानी गाडी सापडावी म्हणून शोधक आज आसुसलेले असतात, तिच्या टाकीवर जपानी नाव नाही. तेथे ‘राजदूत’ असे नाव आहे. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ साली बाजारात आणलेली राजदूत ३५० म्हणजे जपानच्या यामाहा कंपनीची आरडी ३५०. नाव देशी, घडण परदेशी, आणि तरीही मूळ परदेशी गाडीहून पुष्कळ अंशी वेगळी. या वेगळेपणातच सारी मौज आहे आणि साऱ्या अडचणीही आहेत.

या गाडीची वंशावळ मोठी मनोरंजक आहे. जपानच्या हामामात्सु शहरात तोराकुसु यामाहा याने १८८७ साली बाजाच्या पेट्या बनविण्यास प्रारंभ केला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याच कंपनीला विमानांचे पंखे घडवावे लागले. युद्ध संपल्यावर पंखे घडविणारी यंत्रे रिकामी पडली, तेव्हा कंपनीचे प्रमुख गेनइची कावाकामी यांनी ती मोटारसायकलीच्या कामाला लावण्याचे ठरविले. १९५५ साली यामाहा मोटर ही स्वतंत्र कंपनी निघाली आणि वायए-१ ही तिची पहिली गाडी बाहेर पडली. तिच्या तांबूस रंगावरून व शिडशिडीत बांध्यावरून लोक तिला ‘आकातोम्बो’, म्हणजे लाल चतुर, म्हणू लागले. ही गाडी जर्मनीच्या डीकेडब्ल्यू कारखान्याच्या १२५ सीसी गाडीची जवळजवळ नक्कल होती. यात जपान्यांना लाज वाटण्याचे कारण नव्हते. हरलेल्या जर्मनीचे ते आरेखन ब्रिटनने उचलले, अमेरिकेने उचलले, रशियाने उचलले. ब्रिटिशांची बँटम आणि हार्लेची छोटी गाडी ही त्याच बापाची लेकरे. नक्कल सर्वांनीच केली. नकलेवर न थांबणारे मात्र थोडे निघाले.

डीकेडब्ल्यूचा मूळ कारखाना त्शोपाऊ गावी होता. फाळणीनंतर तो पूर्व जर्मनीत गेला आणि त्याचे नाव एमझेड झाले. तेथे वॉल्टर काडेन या अभियंत्याने टू-स्ट्रोक इंजिनाचा असा काही अभ्यास केला, की धूर बाहेर टाकणाऱ्या नळीचा फुगीर आकारच इंजिनाची शक्ती वाढवू शकतो हे त्याने दाखवून दिले. नळीतून परत फिरणारी दाबाची लहर, निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकलते. १९६१ च्या सप्टेंबरात स्वीडनमधील शर्यतीच्या दिवशी एमझेडचा स्वार एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळून गेला. त्याची बायकामुले मोटारीत लपवून आधीच बाहेर काढण्यात आली होती. काडेनची विद्या त्याने सुझुकीला दिली, आणि पुढल्याच वर्षी सुझुकीच्या ५० सीसी गाडीवर तो जगज्जेता झाला. १९६४ साली यामाहाने २५० सीसी गटात आपले पहिले जागतिक विजेतेपद मिळविले. फिल रीड त्या गाडीवर होता, आणि गाडीचे नाव होते आरडी-५६. रस्त्यावरच्या गाडीला पुढे हीच दोन अक्षरे मिळाली.

आरडी ३५० जपानात १९७३ साली निघाली. ३४७ सीसीचे दोन सिलिंडर, दोन कार्ब्युरेटर, सहा गियर, इंजिनाच्या तोंडाशी मिश्रण मागे फिरू न देणाऱ्या पोलादी पात्यांच्या झडपा, आणि सुमारे ३९ अश्वशक्ती. पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता. अमेरिकेत तिने आपल्याहून दुप्पट मोठ्या गाड्यांना मागे टाकले. १९७५ मध्ये तिचे उत्पादन थांबले व तिची जागा मोठ्या इंजिनाच्या गाडीने घेतली. म्हणजे मायदेशी निवृत्त होऊन आठ वर्षे झाल्यावर ती भारतात रुजू झाली.

पण येथे येताना तिला आपल्या संसाराला साजेशी वेसण घालण्यात आली. एस्कॉर्ट्सकडे तोपर्यंत पोलंडच्या एसएचएल गाडीवरून घेतलेली १७५ सीसीची राजदूत होती. दूधवाल्यांची व ग्रामसेवकांची ती लाडकी. त्या पंक्तीत हा शर्यतीचा घोडा कसा बसावा? इंजिनाची शक्ती ३०.५ अश्वशक्तीवर आणली. तीही अधिक वाटल्याने पुढे २७ अश्वशक्तीची दुसरी आवृत्ती काढली. जाणकार पहिलीला हाय टॉर्क व दुसरीला लो टॉर्क म्हणतात. खर्च वाचावा म्हणून डिस्क ब्रेक काढून टाकला आणि पुढच्या चाकात जुन्या धाटणीचा ड्रम ब्रेक आला. तरीही गाडी लिटरला वीस-पंचवीस किलोमीटरच देई. तेलाच्या टंचाईची दहशत अजून ताजी होती. एवढ्यात १९८४ साली होसूरला सुझुकीची, १९८५ साली धारूहेड्याला होंडाची शंभर सीसीची गाडी निघाली. होंडाच्या जाहिरातीत लिटरला ८० किलोमीटरचे आश्वासन होते. मध्यमवर्गीयाने हिशेब केला आणि राजदूत ३५० कडे पाठ फिरविली. वेग अफाट आणि ब्रेक दुबळा, म्हणून तिच्या आरडी या अक्षरांचा ‘रॅपिड डेथ’ असा अर्थ पोरांनी लावला, तो वेगळाच. दशक संपता संपता ती बंद पडली.

महाराष्ट्रानेही त्याच वर्षांत जपानशी सोयरीक केली होती. बजाजने तेव्हाच्या औरंगाबादजवळ वाळूजला कारखाना उभारला आणि १९८६ मध्ये कावासाकी बजाज केबी १०० बाजारात आली. अहमदनगर-पुण्याच्या फिरोदियांनी होंडाशी भागीदारी करून बिनगियरची कायनेटिक होंडा काढली. तिचा कारखाना त्यांनी मध्य प्रदेशातच, इंदूरजवळ पीथमपूरला, घातला. एस्कॉर्ट्स व यामाहा यांची आरएक्स १०० नोव्हेंबर १९८५ मध्ये आली. आरंभीच्या गाड्या जपानहून सुट्या भागांच्या रूपाने येऊन येथे जोडल्या गेल्या. आरएक्सला जे भाग्य लाभले ते तिच्या थोरल्या बहिणीला लाभले नाही. अकरा अश्वशक्तीची ती हलकी गाडी १९९६ पर्यंत विकली गेली आणि अखेर धुराच्या नियमांनी तिला घालविले. टू-स्ट्रोक इंजिनात मिश्रणाचा काही भाग न जळताच बाहेर जातो. काडेनची नळी तो पुष्कळसा अडवी, सगळा नव्हे. शहरांच्या हवेचा विचार करता तिला निरोप देणे योग्यच होते.

आता गॅरेजातल्या कामाकडे वळावे. गाडी उघडताना पहिली गाठ पडते स्क्रूंशी. इंजिनाच्या झाकणांना चार खाचांचे जपानी मापाचे स्क्रू असतात. आपल्या बाजारातला चौफुली ड्रायव्हर त्यात बसल्यासारखा वाटतो, पण पुरता टेकत नाही. जोर लावताच उसळतो आणि खाच कुरतडतो. त्यामुळे जुन्या गाडीच्या स्क्रूंचे माथे पाहूनच तिच्यावर किती मिस्त्र्यांचे हात फिरले याचा अंदाज येतो. ज्याला हे ठाऊक आहे तो आधी योग्य मापाचे टोक मिळवितो, स्क्रूवर भेदक तेल सोडून रात्रभर वाट पाहतो, आणि मग हातोडीच्या ठोक्यावर फिरणारा ड्रायव्हर वापरतो. घाई करणाऱ्याला छिन्नी घ्यावी लागते. छिन्नीची खूण झाकणावर कायमची राहते.

दुसरी परीक्षा ऑइल सीलची. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण आधी क्रँकच्या पेटीत शिरते, तेथे दाबले जाते आणि मग सिलिंडरात चढते. म्हणून ही पेटी हवाबंद असली पाहिजे. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी सील असतात. गाडी पंधरा-वीस वर्षे उभी राहिली की ते वाळून कडक होतात. वरून गाडी चकचकीत करून कोणी किक मारली तर ती सुरू होईलही. पण वाळलेल्या सीलमधून फाजील हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते, पिस्टन तापून फुगतो आणि भर वेगात सिलिंडरात जाम होतो. मागचे चाक त्याच क्षणी अडते. ‘रॅपिड डेथ’ या नावाला ब्रेकइतकाच हाही दोष कारणीभूत असावा.

तेलाच्या पंपाची कथाही अशीच. पेट्रोलमध्ये हाताने ऑइल मिसळण्याची कटकट नको म्हणून यामाहाने १९६४ साली ऑटोल्यूब नावाचा पंप काढला. ॲक्सिलरेटर जितका पिळावा तितकेच तेल तो इंजिनाला पुरवी. आपल्याकडच्या मिस्त्र्यांचा त्यावर कधी विश्वास बसला नाही. पंप बिघडला तर इंजिन जाईल, या भीतीने पुष्कळांनी तो काढून फेकला व भोकावर पत्र्याची चकती ठोकली. त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती, कारण नळीत हवेचा बुडबुडा राहिला तरी तेल थांबते. पण पंप फेकणाऱ्याने बुडबुडा काढण्याची रीत शिकण्याचे टाळले, हेही खरे. आज तो पंप मूळ रूपात मिळविण्यासाठी धावाधाव करावी लागते. भोपाळात कबाडखाना नावाची वस्तीच आहे. अशा जुन्या बाजारांतून हिंडताना, कोणे एके काळी फेकलेल्या वस्तू आता वजनावर नव्हे, नगावर विकल्या जातात असे दिसते.

सिलिंडर झिजला असेल तर तो पाव किंवा अर्धा मिलिमीटर वाढवून बोअर करावा लागतो आणि त्या मापाचे मोठे पिस्टन घालावे लागतात. दोन्ही सिलिंडर एकाच मापाचे हवेत. क्रँक सुटा करून नव्या बेअरिंगांसह पुन्हा दाबून बसवायचा, तर मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकाही वाकडेपणा खपत नाही. हे काम घरच्या गॅरेजात होत नाही. त्यासाठी गोविंदपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी, डायल गेज लावून शांतपणे सुई पाहत बसणारा माणूस गाठावा लागतो. एके काळी प्रचंड रोहित्रांच्या कामासाठी जो हात तयार झाला, तो लहान क्रँकही सरळ करू शकतो. असे हात आता म्हातारे होत आहेत.

येथवरचे काम कष्टाचे असले तरी त्यात पेच नाही. पेच पुढेच आहे. आरडी ३५० जगभर विकली गेली असल्याने मूळ जपानी गाडीचे पिस्टन, सील, गॅस्केटे आजही परदेशातून मागविता येतात. पण जे भाग केवळ येथल्या गाडीसाठी बनले, म्हणजे पुढचा ड्रम, येथल्या धाटणीचे सायलेन्सर, टाकीवरची राजदूतची चिन्हे, ते एस्कॉर्ट्सच्या गाडीबरोबरच संपले. शक्तीवर वेसण घालणारे ते सायलेन्सर तर मालकांनी त्याच काळी उखडून टाकले होते. तेव्हा विलायती शर्यतीचे सायलेन्सर घालावे, पुढे डिस्क ब्रेक बसवावा आणि टाकीवर यामाहा लिहावे, हा मोह प्रत्येकाला होतो. तो सोपा आहे, पुष्कळदा स्वस्तही आहे. गाडी धावतेही अधिक चांगली. असे केले की अमेरिकेतल्या १९७५ च्या गाडीची एक प्रत तयार होते. भारताने १९८३ साली जी गाडी घडविली ती मात्र नाहीशी होते.

आपल्याकडे देवळांच्या जीर्णोद्धारात हा प्रकार नित्य घडला आहे. हेमाडपंती देवळाच्या काळ्या दगडावर ऑइलपेंटचे थर चढवायचे, झिजलेली मूर्ती विसर्जित करून संगमरवरी आणायची, आणि वर दात्यांच्या नावाची फरशी बसवायची. भक्ती खरी असते, पैसाही खिशातला असतो. देऊळ तेवढे जाते. राजदूत ३५० चा दुबळा ब्रेक आणि घुसमटलेली नळी हे दोष होते यात शंका नाही. पण ज्या देशाला वेग हवा होता आणि वेगाची किंमत परवडत नव्हती, त्या देशाचे ते दस्तऐवज आहेत. गाडीचा एकेक भाग हातात घेतला की येथे काय जपानहून आले, काय येथे घडले आणि काय काटकसरीपायी गाळले गेले, हे कोणत्याही सरकारी अहवालापेक्षा स्पष्ट दिसते.

कायद्यालाही या प्रश्नाने थोडे स्पर्शिले आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीनंतर पन्नास वर्षे उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. तिची चौकट, बांधणी आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. नव्या नोंदणीला २०,००० रुपये पडतात. अशी गाडी प्रदर्शन, मेळावा, संशोधन, पेट्रोल आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. म्हणजे १९८३ ची राजदूत २०३३ पूर्वी विंटेज ठरणार नाही. तोवर ती केवळ एक जुनी गाडी. जुन्या गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवून घ्यावी लागते. ज्याचे नोंदणीपत्र गहाळ झाले किंवा इंजिनाचा क्रमांक कागदाशी जुळत नाही, त्याचे सारे श्रम गॅरेजाच्या दारातच अडतात. त्यात पेट्रोलही पूर्वीचे राहिलेले नाही. २०२५ पर्यंत त्यातील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते आणि जुन्या जातीच्या रबराला सोसत नाही. टाकी रिकामी करून ठेवणे, नळ्या नव्या रबराच्या घालणे, ही पथ्ये आता आलीच.

नियम चौकट आणि इंजिन यांविषयी बोलतो, ब्रेकविषयी तो काटेकोर नाही. म्हणून ड्रम ठेवायचा की डिस्क घालायची, याचा निवाडा ज्याचा त्यालाच करावा लागतो. ज्याला रोज त्या गाडीवरून कचेरीत जायचे आहे, त्याने डिस्क घातली तर त्याला दोष देता येणार नाही. जिवापेक्षा इतिहास मोठा नव्हे. मात्र मूळ ड्रम जपून ठेवावा, विकू नये. जो ड्रमच ठेवायचे ठरवितो, त्याला एक गोष्ट उशिरा कळते. या ब्रेकमध्ये दोन कॅम आहेत आणि ते बाहेरून एका लहानशा सळईने जोडलेले आहेत. तिची लांबी अचूक असेल तरच दोन्ही लायनर एकाच क्षणी ड्रमला भिडतात. नसेल तर एकच भिडतो, दुसरा नुसता सोबत करतो, आणि ब्रेक निम्माच लागतो. गल्लीतल्या मिस्त्र्याने केबल ताणली, लायनर बदलले, पण ही सळई पुष्कळदा कोणी जुळविलीच नाही. त्या काळी अनेकांनी जो ब्रेक वाईट म्हणून बोल लावला, तो अर्धाच लागत होता.

ही जुळणी करायला दुपार जाते. चाक उचलून फिरवायचे, सळईचा नट सैल करायचा, एकेक लायनर टेकतो कोठे हे हाताने अजमावायचे, पुन्हा पाव आटा फिरवायचा. मग लेथवर साफ केलेला ड्रम आणि नवे लायनर एकमेकांना रुळावेत म्हणून संध्याकाळी शाहपुऱ्याच्या तलावाकडे हळूहळू जायचे आणि रिकाम्या रस्त्यावर वीस-तीस वेळा हलकेच ब्रेक दाबायचा. घरी परतल्यावर पुढच्या चाकाच्या मध्यभागी हात ठेवून पाहायचे. ड्रम सर्व बाजूंनी सारखाच कोमट लागला, तर त्या दिवशीचे काम संपले.